व्हर्टआयओ-नेटसाठी पॅकेट हॅशिंग कोणते? प्रकल्प नोंदी

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

मांडणी अशी: लिनक्स होस्टवर आभासी यंत्रे (गेस्ट) चालवणारे केव्हीएम आणि क्यूईएमयू. गेस्टला ८ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आणि ८ क्यू-जोड्यांचे (पॅकेटांच्या रांगांचे) व्हर्टआयओ-नेट हे आभासी नेटवर्क कार्ड. मागे व्हीहोस्ट (पॅकेट होस्टच्या कर्नलमधूनच नेणारा भाग) आणि टॅप (होस्टच्या कर्नलमधले आभासी नेटवर्क टोक). गेस्टची कामे दोन. एका प्रकारच्या गेस्टवर टीसीपी सेवा चालते, दुसऱ्या प्रकारचा फायरवॉल म्हणून दोन कार्डांच्या मध्ये बसतो. येणारी पॅकेटे आठही क्यूंवर सारखी पसरावीत आणि एका फ्लोची (एका जोडणीची) पॅकेटे एकाच क्यूवर राहावीत, एवढेच हवे आहे.

हॅश म्हणजे पॅकेटच्या पत्त्या-पोर्टांवरून काढलेला आकडा, त्यावरून क्यू ठरतो. कामाच्या यादीत पहिली ओळ होती ‘सर्वांत वेगवान हॅश शोधणे’. ती आजच खोडली. १० गिगाबिटच्या लाइनवर ६४ बाइटच्या फ्रेम पूर्ण भरून आल्या तर सेकंदाला १.४८८ कोटी पॅकेटे होतात, म्हणजे पॅकेटमागे ६७.२ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरला हे साधारण २०० सायकल पडतात, आणि त्यात वीस-तीस सायकलची बचत दिसते. पण टीसीपीत जीआरओ आणि टीएसओ (अनेक सेगमेंट एकत्र ठेवण्याच्या सोयी) चालू असले की टॅपमधून जाते ते ६४ केबीपर्यंतचे एकच मोठे पॅकेट. १४४८ बाइटच्या साधारण ४५ सेगमेंटमागे हॅश एकदाच काढला जातो. तिथे हॅशचा वेग मोजत बसणे म्हणजे लाख रुपयांच्या बिलात सुटे पैसे मोजणे. वेगाचा हिशेब फक्त बारीक यूडीपीपुरता ठेवायचा.

आधी हे नक्की करायचे: वाटेत हॅश कितीदा निघतो, कोण काढतो आणि त्यातले कोणते बिट वापरतो.

१. भौतिक कार्ड टोप्लिट्झ हॅश (रीत ५ तारखेच्या नोंदीत) काढते आणि खालचे बिट इंडायरेक्शन टेबलला (हॅशवरून क्यू सांगणाऱ्या तक्त्याला) देते.
२. टॅप ड्रायव्हरवर स्टिअरिंग प्रोग्रॅम (क्यू निवडणारा छोटा प्रोग्रॅम) बसवलेला नसेल तर तो स्वतःचा सममित हॅश (स्रोत-गंतव्य उलटले तरी तोच येणारा) काढतो. ओळखीचा फ्लो नसला तर हॅशला क्यूंच्या संख्येने गुणून ३२ बिट उजवीकडे सरकवतो. म्हणजे इथे कामी येतात ते वरचे बिट.
३. गेस्टमध्ये आरपीएस (आलेली पॅकेटे कर्नलने सीपीयूंवर वाटणे) चालू असेल तर पुन्हा तीच गुणाकाराची रीत, पुन्हा वरचे बिट.

एकाच हॅशचे खालचे बिट एकाने खायचे आणि वरचे दुसऱ्याने, ही सोय मुळात चांगली आहे. वरचे आणि खालचे बिट खरोखर वेगळे असतात का, हे पुढे तपासायचे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आरएसएस (हॅशवरून पॅकेटे क्यूंवर वाटण्याची सोय) चालू करणे. क्यूईएमयूत टॅपच्या नेटडेव्हला क्यू ८ आणि व्हीहोस्ट ऑन. डिव्हाइसला एमक्यू (मल्टिक्यू) ऑन, आरएसएस ऑन, व्हेक्टर (इंटरप्टच्या जागा) १८. व्हेक्टरचे सूत्र: क्यू-जोड्यांची दुप्पट अधिक २. हा आकडा कमी पडला तर एररही येत नाही आणि नेटवर्कही चालते, फक्त गेस्ट सगळ्या क्यूंसाठी एकच इंटरप्ट वाटून घेतो. ओळखायचे कसे? गेस्टच्या प्रॉक-इंटरप्ट्समध्ये ‘इनपुट.०, आउटपुट.०, इनपुट.१’ अशा ओळी दिसायला हव्यात. त्यांच्याऐवजी ‘व्हर्टक्यूज’ अशी एकच ओळ असेल तर व्हेक्टर कमी आहेत. अशा गेस्टवर हॅश कितीही चांगला निवडला तरी फरक पडत नाही.

क्यूईएमयूला आरएसएस मागितला म्हणून गेस्टला मिळतोच असे नाही. पॅकेट व्हीहोस्टमधून, म्हणजे होस्टच्या कर्नलमधूनच जाते, त्यामुळे हॅश काढायला क्यूईएमयू वाटेत नसतोच. तो टॅपवर ईबीपीएफ प्रोग्रॅम (कर्नलमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम) चढवतो आणि क्यूची निवड त्या प्रोग्रॅमकडे सोपवतो. टॅपमध्ये ही सोय लिनक्स ४.१६ पासून आहे. व्हर्टआयओ-नेटच्या लिनक्स ड्रायव्हरला आरएसएस कळू लागला ५.१८ पासून, म्हणून त्याहून जुना कर्नल गेस्टमध्ये असेल तर पुढच्या बऱ्याच नोंदी त्याला लागू नाहीत. प्रोग्रॅम चढवायला क्यूईएमयूच्या प्रोसेसला बीपीएफचे अधिकार लागतात. लिबव्हर्टखाली (गेस्ट सांभाळणाऱ्या साधनाखाली) ती प्रोसेस साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालते आणि नेमकी इथेच अडते. व्हीहोस्टसाठी ईबीपीएफ आरएसएस चढला नाही, अशी एक ओळ क्यूईएमयूच्या लॉगमध्ये येते आणि गेस्ट काही झालेच नाही असा चालू राहतो.

म्हणून तपासणी गेस्टच्या बाजूने करायची. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइलव्यवस्थेत) व्हर्टआयओ डिव्हाइसखाली ‘फीचर्स’ नावाची फाइल आहे, तिच्यात ६४ शून्ये-एके ओळीने असतात. पहिले अक्षर म्हणजे बिट ०. मल्टिक्यूचा बिट २२, म्हणजे २३ वे अक्षर. आरएसएसचा बिट ६०, म्हणजे ६१ वे. हॅश रिपोर्टचा बिट ५७, म्हणजे ५८ वे. मोजताना एकाने चूक होतेच, म्हणून बिट आणि अक्षर दोन्ही इथे लिहून ठेवले.

हॅश रिपोर्टही मागून पाहिला. त्यात पॅकेटच्या व्हर्टआयओ हेडरमधूनच हॅश गेस्टला मिळतो आणि हेडर १२ बाइटचा २० बाइट होतो. व्हीहोस्टसोबत ५८ वे अक्षर ० च राहिले. व्हीहोस्ट बंद केले तर १ होते, पण तेवढ्यासाठी व्हीहोस्ट सोडणे परवडणार नाही. हॅश रिपोर्टचा विषय बंद.

बुधवार, ५ नोव्हेंबर

हॅश तपासायला स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पुढच्या सगळ्या निर्णयांना त्याचाच आधार असल्याने आधी त्यालाच पडताळले.

टोप्लिट्झची रीत एका वाक्याची आहे. इनपुटचा जो बिट १ असेल, त्या जागेपासून हॅश-कीचे (हॅशसाठी आधी ठरवलेल्या बिटांच्या माळेचे) सलग ३२ बिट उचला आणि उत्तराशी एक्सऑर करा. आयपीव्ही४-टीसीपीचे इनपुट १२ बाइटचे: स्रोत पत्ता, गंतव्य पत्ता, स्रोत पोर्ट, गंतव्य पोर्ट, याच क्रमाने आणि नेटवर्क बाइट-क्रमात. आयपीव्ही६ ला ३६ बाइट. शेवटच्या बिटापासूनही ३२ बिट उचलता यावेत म्हणून हॅश-की ४० बाइटची.

मायक्रोसॉफ्टने आरएसएससाठी दिलेल्या प्रसिद्ध हॅश-कीची सुरुवात ‘६डी ५ए ५६ डीए’ अशी आहे. तिच्यासोबतचे पडताळणीचे उदाहरण असे: स्रोत ६६.९.१४९.१८७ पोर्ट २७९४, गंतव्य १६१.१४२.१००.८० पोर्ट १७६६. फक्त पत्त्यांवर हॅश ‘३२ ३ई ८एफ सी२’, पोर्टांसह ‘५१ सीसी सी१ ७८’. दोन्ही जुळले.

न जुळण्याची कारणे ठरलेली असतात. पोर्ट होस्टच्या बाइट-क्रमात दिला, किंवा स्रोत-गंतव्य उलटे झाले. डीपीडीकेत (पॅकेट-प्रक्रियेच्या लायब्ररीत) आणखी एक मेख आहे: नावाच्या शेवटी ‘बीई’ असलेले सॉफ्टआरएसएस फंक्शन जलद चालते, पण हॅश-की आधी रूपांतर करून द्यावी लागते. कच्ची हॅश-की दिली तर उत्तर येते, चुकीचे येते, आणि वाटणी तरीही बरी दिसते. त्यामुळे ही चूक महिनोन्‌महिने लपून राहू शकते. ‘वाटणी बरी दिसते’ हा पुरावा धरायचा नाही. वरच्या दोन आकड्यांशी जुळले तरच पुढे जायचे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आजची नोंद लांब आहे.

चाचणीचा भार असा: क्लायंट १०.२०.०.१ ते १०.२०.०.६३. प्रत्येकाचा एक फ्लो, स्रोत पोर्ट ४०००० अधिक क्लायंटचा क्रमांक. सगळे १०.२०.१.५ च्या ८०८० पोर्टवर. लोड जनरेटर साधारण असेच पोर्ट वाटतात, क्रमाने. टेबल १२८ नोंदींचे, आठ क्यूंना समान वाटलेले. म्हणजे हॅशचे खालचे ७ बिट नोंद ठरवतात आणि नोंदीला ८ ने भागून उरलेली बाकी म्हणजे क्यू.

पहिली उमेदवार: ‘६डी५ए’ हे दोन बाइट वीस वेळा लिहून होणारी सममित हॅश-की. दक्षिण कोरियातल्या काइस्टमधून २०१२ मध्ये ही युक्ती पुढे आली. जाणारे आणि येणारे पॅकेट एकाच क्यूवर पडते, म्हणून फायरवॉल आणि आयडीएसवाले (घुसखोरी ओळखणारे) ती सर्रास लावतात. आम्हीही तीच लावणार होतो.

निकाल: ६३ च्या ६३ फ्लो क्यू २ वर. बाकी सात क्यू रिकामे.

कारण कागदावर उलगडते. हॅश-की दर १६ बिटांनी पुन्हा तीच येते. त्यामुळे इनपुटमधल्या कुठल्याही १६ बिटांच्या शब्दाला तीच वागणूक मिळते. परिणामी सगळे इनपुट जणू १६-१६ बिटांच्या शब्दांत तोडून एकमेकांशी एक्सऑर केले आणि उरलेल्या एका शब्दाचा हॅश काढला, असे होते. आता आमचे फ्लो पाहा. ४०००० हेक्समध्ये ९सी४०. त्याचे खालचे सहा बिट शून्य आहेत, म्हणून त्यात क्रमांक मिळवणे आणि क्रमांकाशी एक्सऑर करणे एकच. क्लायंट १: पत्त्याचा खालचा शब्द ०००१, पोर्ट ९सी४१, एक्सऑर ९सी४०. क्लायंट २: ०००२ आणि ९सी४२, पुन्हा ९सी४०. ६३ पर्यंत तेच. दोन्ही पत्त्यांतले ०ए१४ एकमेकांना मारतात. गंतव्याचा ०१०५ आणि ८०८० म्हणजे १एफ९० मिसळले की प्रत्येक फ्लोचा एकच शब्द उरतो: ८२डी५. त्याचा हॅश ‘७डी१ए ७डी१ए’. खालचे सात बिट २६, बाकी २.

वरचे आणि खालचे १६ बिट सारखे आले आहेत हेही लक्षात घ्या. सोमवारचा प्रश्न या हॅश-कीपुरता सुटला: ३२ बिटांचा हॅश दिसतो, पण माहिती १६ बिटांचीच. जगातले सगळे फ्लो मिळून ६५,५३६ हून अधिक वेगळे हॅश निघूच शकत नाहीत.

दुसरी उमेदवार: मायक्रोसॉफ्टची हॅश-की, तेच ६३ फ्लो. क्यू ५ वर ७, बाकी सातही क्यूंवर प्रत्येकी ८. याहून चांगली वाटणी होऊच शकत नाही. इथे थांबलो असतो तर फसलो असतो. क्लायंट फक्त ८ ठेवून पाहिले: १, २, ३ क्यू ५ वर. ४, ५, ६, ७ क्यू १ वर. ८ क्यू ३ वर. आठ क्लायंट, तीन क्यू.

कारण तेच, टोप्लिट्झ रेषीय आहे. इनपुटचा एखादा बिट बदलला की हॅशमध्ये ठरलेलाच फरक पडतो, बाकी इनपुट काहीही असो. इथे क्रमांकाचा एक बिट बदलला की पत्त्यातला एक आणि पोर्टातला एक असे दोन बिट सोबत बदलतात. क्रमांकाच्या खालच्या दोन बिटांच्या बाबतीत पत्त्यामुळे पडणारा फरक आणि पोर्टामुळे पडणारा फरक, क्यू ठरवणाऱ्या तीन बिटांपुरते, एकमेकांना पूर्ण खोडतात. म्हणून चार-चार क्लायंटचे गठ्ठे एकत्र फिरतात. ६३ क्लायंट असताना वरचे चार बिट सगळी भरपाई करतात, आठ असताना भरपाईला एक-दोनच बिट उरतात.

म्हणून हॅश-की चांगली की वाईट हे तिच्याकडे नुसते पाहून सांगता येत नाही. ती कोणत्या पत्त्या-पोर्टांसोबत वापरायची त्यावर आहे. क्रमाने वाढणारे पत्ते आणि सोबत क्रमाने वाढणारे पोर्ट ही चाचणीघरातली नेहमीची जोडी आणि टोप्लिट्झसाठी सर्वांत वाईट जोडी. पोर्ट यादृच्छिक केले की दोन्ही हॅश-की सुधारतात. ‘६डी५ए’सुद्धा.

ठरले: नुसती ‘६डी५ए’ वापरायची नाही. सममिती हवी असेल तर ती दुसऱ्या मार्गाने, १८ तारखेला पाहू.

सोमवार, १० नोव्हेंबर

गेस्ट रीबूट केला की वाटणी बदलते, अशी तक्रार चाचणीच्या नोंदींत दोनदा आली होती. दोष कशातच नाही. लिनक्स प्रत्येक बूटला नवी यादृच्छिक हॅश-की तयार करते आणि व्हर्टआयओ-नेट तीच उचलते. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, कारण हॅश-की माहीत असली की रेषीय समीकरणे सोडवून कोणीही सगळा भार एका क्यूवर ओतू शकतो. पत्ते तेच ठेवून नुसते स्रोत पोर्ट बदलले तरी १६ बिटांतून टेबलचे ७ बिट ठरतात, म्हणजे एकाच नोंदीवर पडणारे किमान ५१२ पोर्ट नक्की सापडतात.

पण दोन मोजमापांची तुलना करायची तर हॅश-की बांधलेली हवी. इथटूल या कार्डाच्या सेटिंग पाहण्या-बदलण्याच्या आज्ञेत मोठ्या एक्सच्या पर्यायाने ‘एचकी’ देऊन ४० बाइट भरायचे आणि लहान एक्सने परत वाचून पाहायचे. क्यूंची संख्या मोठ्या एलने बदलली तर त्यानंतर टेबल पुन्हा वाचायचे, आठांऐवजी जुन्याच संख्येची वाटणी शिल्लक असू शकते. हॅश फंक्शन बदलता येत नाही, व्हर्टआयओत टोप्लिट्झच.

दुसरी नेहमीची तक्रार: ‘आठ क्यू आहेत, आयपर्फला (वेग मोजण्याच्या साधनाला) आठ स्ट्रीम दिले, तरी दोन-तीन सीपीयू झोपलेले.’ हॅश उत्तम असला तरी हेच होणार. आठ फ्लो आठ क्यूंवर पूर्ण यादृच्छिक पडले तर सरासरी २.७५ क्यू रिकामे राहतात. प्रत्येकाला एकेक मिळण्याची शक्यता ०.२४ टक्के. ६४ स्ट्रीम दिले तर रिकामा क्यू जवळजवळ राहत नाही, पण क्यूमागे सरासरी ८ आणि प्रमाण विचलन सुमारे २.६, म्हणजे एखाद्या क्यूवर १२ आणि एखाद्यावर ४ हे नेहमीचेच. यापुढे ६४ पेक्षा कमी फ्लोंच्या चाचणीवरून हॅशला नावे ठेवायची नाहीत.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आरएसएस बंद असताना टॅप काय करतो ते नीट पाहिले, कारण जुन्या कर्नलचे गेस्ट त्याच वाटेने जाणार आहेत.

टॅप शिकतो. गेस्टने एखाद्या फ्लोचे पॅकेट ज्या क्यूवरून पाठवले तो क्यू टॅप लक्षात ठेवतो आणि परतीची पॅकेटे त्याच क्यूवर टाकतो. शोधण्यासाठी सममित हॅश वापरतो, म्हणून जाताना-येताना हॅश एकच येतो. कल्पना सुरेख आहे: ज्या व्हीसीपीयूवर अॅप्लिकेशन चालते तिथेच पॅकेट येते. साध्या टीसीपी सर्व्हरला हा प्रकार आरएसएसपेक्षा सरस ठरू शकतो, आणि आम्ही सेवा गेस्टपुरता तोच ठेवण्याचा विचार केला.

मर्यादा दोन. फ्लो ३ सेकंद गप्प राहिला की त्याची नोंद जुनी होते आणि झाडली जाते. पुढचे पॅकेट बाहेरून आधी आले तर ते गुणाकाराच्या रीतीने दुसऱ्याच क्यूवर जाऊ शकते, आणि गेस्टने उत्तर दिले की पुन्हा जुन्या क्यूवर. दर पाच-दहा सेकंदांनी कीपअलाइव्ह पाठवणारी हजारो कनेक्शने असतील तर हा पिंगपाँग सतत चालतो. दुसरी मर्यादा, एका टॅपमागे ४,०९६ फ्लो. त्यापुढचे शिकलेच जात नाहीत. आमच्या सेवा गेस्टवर कनेक्शने याच्या कितीतरी पट असतात, म्हणून विचार सोडला.

खर्चाचा मुद्दाही आहे. हा सममित हॅश टॅप प्रत्येक पॅकेटला नव्याने काढतो, भौतिक कार्डाने पॅकेटसोबत दिलेला हॅश त्याला चालत नाही. आधी हेडर उलगडणे, मग सिपहॅश (गुप्त हॅश-कीवर चालणारा सुरक्षित हॅश). लिनक्स ५.४ पासून इथे सिपहॅश आहे, त्याआधी जेहॅश (साधा, स्वस्त हॅश) होता. बदल वेगासाठी झाला नाही, बाहेरच्याला हॅशचा अंदाज बांधून फ्लो ओळखता येऊ नयेत म्हणून झाला. स्टिअरिंग प्रोग्रॅम बसवला की टॅपचे शिकणे बंद होते आणि हा खर्चही जातो, त्याच्या जागी प्रोग्रॅमचा येतो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

यूडीपीचे तुकडे. ४,००० बाइटचा यूडीपी डेटाग्रॅम १५०० बाइटच्या एमटीयूवर (पॅकेटच्या कमाल आकारावर) तीन तुकड्यांत जातो: १४८०, १४८० आणि १०४८ बाइट. पोर्ट फक्त पहिल्यात. म्हणून क्यूईएमयूचा ईबीपीएफ आणि कर्नल दोघेही तुकड्यांना, पहिल्यासकट, फक्त पत्त्यांवरून हॅश करतात. तुकडे एकत्र राहतात, ठीक. पण त्याच फ्लोचे छोटे, न तुटलेले डेटाग्रॅम पोर्टांसह हॅश होऊन दुसऱ्या क्यूवर जातात. एसआयपीत (इंटरनेट कॉल जोडणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) हे सरळ दिसते: इन्व्हाइट मोठा असेल तर तुटतो, अॅक छोटा असतो आणि दुसऱ्या क्यूवर जातो.

असा ट्रॅफिक असलेल्या गेस्टवर इथटूलने यूडीपी४ चा आरएक्स-फ्लो-हॅश ‘एसडी’ करायचा, फक्त पत्ते. व्हर्टआयओ-नेटचा डिफॉल्ट पोर्टांसह असतो, तर अनेक भौतिक कार्डांचा फक्त पत्त्यांचा. दोघांचे डिफॉल्ट उलटे आहेत हे विसरायचे नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

होस्टच्या भौतिक कार्डावर सगळा भार एका क्यूवर. गेस्टमध्ये वाटणी व्यवस्थित, पण होस्टचा एकच सीपीयू सॉफ्टआयआरक्यूमध्ये (कर्नलच्या पॅकेट हाताळण्याच्या कामात) शंभर टक्के. कारण गुरुवारच्या शेवटच्या वाक्यात आहे.

होस्टांमध्ये व्हीएक्सलॅन (गेस्टची पॅकेटे यूडीपीत गुंडाळून नेणारे आभासी नेटवर्क) चालते. बाहेरून पाहिले तर दोन होस्टांमधला सगळा ट्रॅफिक म्हणजे यूडीपी, दोन ठरलेले पत्ते, गंतव्य पोर्ट ४७८९. बदलतो तो फक्त बाहेरचा स्रोत पोर्ट. आतल्या फ्लोच्या हॅशवरून तो ठरवतात ते नेमके याचसाठी, की वाटेतल्या यंत्रांना आत न डोकावता फ्लो वेगळे करता यावेत. पण कार्ड पोर्टांकडे बघतच नव्हते.

उपाय एका ओळीचा, भौतिक कार्डावर यूडीपी४ चा हॅश ‘एसडीएफएन’, म्हणजे पत्ते आणि पोर्ट. तुकड्यांची भीती इथे नाही, कारण आतला एमटीयू ५० बाइटने कमी करून १४५० ठेवला आहे आणि बाहेरचे पॅकेट तुटत नाही. एमटीयू १५०० च ठेवला असता तर हा उपाय करून गुरुवारचाच त्रास होस्टवर ओढवून घेतला असता.

इथे स्रोत पोर्टाची मर्यादाही पाहून ठेवली. लिनक्समध्ये तो डिफॉल्टने स्थानिक पोर्टांच्या पल्ल्यातून येतो, ३२७६८ पासून ६०९९९ पर्यंत. आठ क्यूंसाठी पुरेसा.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

फायरवॉल गेस्टची सममिती. दोन कार्डे आहेत. एकावरून जाणारे पॅकेट आणि दुसऱ्यावरून येणारे उत्तर एकाच व्हीसीपीयूवर पडले तर कनेक्शन ट्रॅकिंगची नोंद एका कोअरच्या कॅशमध्ये राहते. दोन्ही कार्डांची हॅश-की आपोआप सारखीच असते, कारण एका बूटमध्ये कर्नल सगळ्या ड्रायव्हरांना एकच देतो. पण साधा टोप्लिट्झ स्रोत-गंतव्य उलटे झाले की वेगळे उत्तर देतो.

‘६डी५ए’ बाद झाली आहे. तिच्याऐवजी हॅश काढण्यापूर्वी दोन टोके लावून घ्यायची: ज्याचा पत्ता लहान तो पहिला, पत्ते सारखे असतील तर पोर्ट लहान तो पहिला. पत्ता आणि पोर्ट जोडीने हलवायचे. त्यानंतर यादृच्छिक हॅश-कीने टोप्लिट्झ किंवा सिपहॅश. सममितीही मिळते आणि ३२ बिटही शाबूत राहतात. ७ तारखेच्या ६३ फ्लोंत क्लायंटचा पत्ता नेहमीच लहान असल्याने अदलाबदल फक्त परतीच्या पॅकेटांची होते. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या हॅश-कीने जाताना जी वाटणी होती तीच येतानाही मिळाली.

व्हर्टआयओच्या आरएसएसमध्ये अशी अदलाबदल सांगण्याची सोय नाही, म्हणून टॅपवर स्वतःचा ईबीपीएफ प्रोग्रॅम. प्रकार सॉकेट फिल्टरचा. प्रोग्रॅमने परत दिलेल्या आकड्याला टॅप क्यूंच्या संख्येने भागून बाकी घेतो, म्हणजे खालचे बिट महत्त्वाचे. प्रोग्रॅम टॅपच्या फाइल डिस्क्रिप्टरवर चढवायचा आणि तेच डिस्क्रिप्टर क्यूईएमयूला द्यायचे. डिव्हाइसवर आरएसएस ऑन ठेवायचा नाही. ठेवला तर गेस्ट बूट होताना क्यूईएमयू स्वतःचा प्रोग्रॅम चढवतो आणि आमचा निघून जातो. एकदा तसे झाले, आणि बूटच्या आधी घेतलेली तपासणी मात्र हिरवी होती. तपासणी गेस्ट वर आल्यानंतर करायची.

हे सगळे नॅट (वाटेत पत्ते-पोर्ट बदलणे) नसतानाचे. नॅट लागले की जाणाऱ्या आणि येणाऱ्या पॅकेटांचे पत्ते-पोर्ट एकमेकांचे उलटे राहतच नाहीत, आणि कुठलाही सममित हॅश ते जुळवू शकत नाही. नॅट करणाऱ्या गेस्टवर या खटपटीचा उपयोग नाही. तिथे साधा आरएसएस.

गुरुवार, २० नोव्हेंबर

स्वतःच्या प्रोग्रॅमसाठी हॅश निवडणे. वेगाचा विचार आज, शेवटी, आणि बारीक यूडीपी डोळ्यांसमोर ठेवून.

टोप्लिट्झ बिटागणिक काढला तर आयपीव्ही४ ला ९६ पायऱ्या, आयपीव्ही६ ला २८८. बाइटागणिक तक्ता करून ठेवला तर १२ वेळा वाचणे पुरते, पण तक्ता १२ × २५६ × ४ म्हणजे १२ केबीचा. आयपीव्ही६ ला ३६ केबी, आणि ३२ केबीच्या एल१ डेटा कॅशमध्ये तो मावतच नाही. शिवाय कॅशवर हक्क सांगणारी मूळ पॅकेटेही आहेतच. चार-चार बिटांचा तक्ता केला तर वाचणे दुप्पट, पण तक्ता आयपीव्ही४ ला दीड केबी आणि आयपीव्ही६ ला साडेचार केबी. सॉफ्टवेअरमध्ये टोप्लिट्झ काढायचाच असेल तर चार बिटांचा.

पण काढायचा का? टोप्लिट्झ हार्डवेअरसाठी घडवलेला आहे. भौतिक कार्डाशी किंवा व्हर्टआयओच्या ठरलेल्या रीतीशी उत्तर जुळवायचे नसेल तर त्याचा आग्रह कशाला? सीआरसी३२सी या चेकसमला प्रोसेसरची स्वतःची सूचना आहे, आठ बाइट एका फटक्यात, पण तोही रेषीय, म्हणजे ७ तारखेचा दोष वेगळ्या वेशात परत. जेहॅश रेषीय नाही, मिसळतो चांगला, बारा बाइटला त्याची एकच फेरी पुरते, आणि ईबीपीएफमध्ये साध्या बेरजा, एक्सऑर आणि फिरवण्याने लिहिता येतो. सिपहॅश थोडा महाग, पण गुप्त हॅश-कीसह मुद्दाम रचलेल्या ट्रॅफिकपुढे टिकतो.

फायरवॉल बाहेरच्या जगाकडे तोंड करून आहे, तिथे सिपहॅश. आतल्या नेटवर्कवरच्या गेस्टांना स्वतःचा प्रोग्रॅम लागलाच तर जेहॅश, बूटला यादृच्छिक बीज देऊन. जेहॅशला बीज न देता शून्य ठेवलेला कोड रिव्ह्यूत दिसला तर परत पाठवायचा.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सेवा गेस्ट: व्हर्टआयओ आरएसएस, कर्नलची यादृच्छिक हॅश-की तशीच, यूडीपी पोर्टांसह, आरपीएस बंद. क्यू आणि व्हीसीपीयू दोन्ही आठ असताना आरपीएसने काम वाढते, मिळत काही नाही.

एक फट उरली होती. आतला लोड बॅलन्सर फ्लो आठ गेस्टांमध्ये वाटतो आणि त्यासाठी टोप्लिट्झचे खालचे तीन बिट वापरतो. त्याची आणि गेस्टांची हॅश-की एकच असेल तर प्रत्येक गेस्टला मिळणाऱ्या सगळ्या फ्लोंचे खालचे तीन बिट सारखेच, म्हणजे गेस्टमध्ये पुन्हा एकच क्यू. चाचणीसाठी बांधलेली हॅश-की दोन्हीकडच्या इमेजमध्ये तशीच राहिली होती. बूट स्क्रिप्टमधली ‘एचकी’ची ओळ दोन्ही इमेजमधून काढली, आता ती फक्त चाचणीच्या प्रोफाइलमध्ये आहे.

स्वीकृती चाचणीत तीन संच घातले: क्रमाने पत्ते आणि क्रमाने पोर्ट, क्रमाने पत्ते आणि यादृच्छिक पोर्ट, एकच पत्ता आणि क्रमाने पोर्ट. प्रत्येकी ८, ६४ आणि १,०२४ फ्लो. क्यूनिहाय गणक इथटूलच्या मोठ्या एसने आधी-नंतर वाचायचे. ८ फ्लोंचा निकाल फक्त नोंदवायचा, त्यावर पास-नापास ठरवायचे नाही. मायग्रेशननंतर (गेस्ट दुसऱ्या होस्टवर हलवल्यावर) संच पुन्हा चालवायचा आहे, कारण दुसऱ्या होस्टवर क्यूईएमयूला बीपीएफचे अधिकार दिलेत का हे अजून पाहिलेले नाही. ते सोमवारी.